आठ माणसं

कुमुदबाई अमोलिकांनी आयुष्यात कुणाचं वाईट चिंतलं नव्हतं, आणि त्या दिवशीही चिंतलं नव्हतं. केसरचं भलं व्हावं म्हणूनच त्या उभ्या राहिल्या.

जून महिना होता. चर्चच्या स्त्री-मंडळाची सभा त्या वेळी प्राप्तीच्या किहीमच्या नव्या बंगल्यात ठेवली होती. व्हरांड्यात खुर्च्या मांडलेल्या, आत ओव्हनमध्ये केक फुगत होता, त्याचा वास गाण्यांच्या मध्ये मध्ये येत होता. शेवटी मंडळाची चिटणीस या नात्यानं प्राप्तीनं नेहमीप्रमाणे विचारलं, "कुणाची काही प्रार्थना-विनंती?" एकीनं गुडघ्याचं ऑपरेशन सांगितलं, दुसरीनं मुलाचा कॅनडाचा व्हिसा. कुमुदबाईंकडे एरवी सांगण्यासारखं काही नसायचं. डॉक्टर यजमानांना जाऊन सहा वर्षं झालेली, मूलबाळ नाही, शिक्षिकेचं पेन्शन महिन्याच्या महिन्याला जमा होत होतं. दुःखाच्या बाबतीत कुमुदबाई त्या घोळक्यात नेहमी रिकाम्या हातानं यायच्या. त्या दिवशी मात्र त्यांच्यापाशी काहीतरी होतं.

"सावरदांड्याच्या कोळीवाड्यात केसर तांडेल म्हणून एक बहीण आहे," त्या म्हणाल्या. "आमच्याकडे मासळी घालते. तिनं प्रभूला आपलं मानलंय. गावात अजून कुणाला ठाऊक नाही. तिला धैर्य मिळावं म्हणून प्रार्थना करा."

"सावरदांड्यात? तिथं?" प्राप्तीचे डोळे पाणावले. बायकांनी मनापासून आमेन म्हटलं. संध्याकाळी प्राप्तीचा फोन आला. "बाई, तिचा एखादा फोटो आहे का हो? चेहरा डोळ्यांपुढे असला की प्रार्थनेला जोर येतो." कुमुदबाईंच्या फोनमध्ये होता. पायरीवर टोपली घेऊन बसलेली केसर, हातात भलामोठा रावस, तोंडभर हसू. त्यांनी तो पाठवून दिला.

केसर बावीस वर्षं त्या पायरीवर येत होती. डॉक्टर अंथरुणाला खिळले तेव्हा कुमुदबाई सकाळी दहाच्या सुमाराला त्यांना मोठ्यानं पवित्र शास्त्र वाचून दाखवत, आणि नेमकी तीच केसरची वेळ. ती मासळी निवडता निवडता ऐकायची. एकदा वादळात सापडलेल्या होडीचा आणि तिच्यात झोपलेल्या प्रभूचा उतारा निघाला, तशी तिच्या हातातली सुरी थांबली. "बाई, होडी बुडायला आली नि तो झोपलेला?"

"हो."

"मंग त्यांनी त्याला उठवला?"

"उठवला."

"राग न्हाय आला त्याला?" केसर म्हणाली, आणि मग सुरी पुन्हा चालवायला लागली. डॉक्टर गेल्यावरही तिनं ते वाचन सुटू दिलं नाही, आल्या आल्या विचारायची, "आज काय वाचलं?" पुढे पुढे ती सांगायला लागली की नवरा तुळशीराम पहाटे होडी घेऊन निघाला की ती वाळूवर उभी राहून त्या झोपलेल्याला हाक मारते. मनातल्या मनात. गावातलं काही तिनं सोडलं नव्हतं. उत्सवाच्या स्वयंपाकाला ती सगळ्यांच्या आधी हजर असे. "आमच्या गावात एकाची होडी दुसऱ्याबिगर पान्यात जात न्हाय बाई," ती म्हणायची. "तवा हे आपल्या दोघींत ऱ्हाऊ दे."

आपल्या दोघींत. हे शब्द कुमुदबाईंना आठवले ते जुलैत, केसर टोपली न घेता दारात उभी राहिली तेव्हा.

"माझा फोटो कुनाला दिला तुमी?"

प्राप्तीनं तो मंडळाच्या ग्रुपवर टाकला होता. तिथून कुणीतरी ठाण्याच्या बहिणीला, त्या बहिणीनं आणखी कुठल्या मोठ्या ग्रुपवर. वर लाल अक्षरांत 'सावरदांड्यात प्रभूचं कार्य!' असं लिहून. पंधरा दिवसांत तो फिरत फिरत सावरदांड्याच्या गावकीचा चिटणीस अल्पेश, त्याच्या फोनवर येऊन पोचला होता.

कुमुदबाईंनी खुर्ची पुढे केली. केसर पायरीवरच बसली. "गावकीनं बोलावलंय रईवारी. त्यांनी सांगितलंय, तू बोल, अमोलिक बाईनं मना औषधपान्याची लालूच दाखवून भुलवलं. दर्याला नारळ दे. झालं, इसरून जाऊ. न्हायतर वाळीत."

"आणि तू काय म्हणालीस?"

"इचारून येते बोलले."

"कुणाला?"

"तुमाला. बाई, तुमी मना भुलवलं काय?"

ती खरोखरच विचारत होती. तिच्या डोळ्यांत राग शोधून सापडला नसता. कुमुदबाईंच्या जिभेवर आलं होतं, बोल बाई तसं, सुटशील. पण त्याच क्षणी पोलीस, चौकशी, पेपरात नाव, असं सगळं एकदम त्यांच्या डोळ्यांपुढे आलं.

"नाही," त्या हळूच म्हणाल्या.

"मंग कसं बोलू?" केसर उठली. पदर खोचत म्हणाली, "तुमच्या देवळातली चार मानसं रईवारी येऊन नुसती बसली तरी पुरे. भांडायला नको. गावाला कळंल, हिच्या मागं कोनतरी हाय."

"पोलिसांत तक्रार दिली तर? असं वाळीत टाकायला कायद्यानं बंदी आहे, केसर."

"कायदा काय रोज माझ्याशी बोलायला येनार हाय?" केसर म्हणाली. "मना ऱ्हायचं हाय तिथं, बाई."

चर्चच्या पंच कमिटीची सभा शुक्रवारी बसली. पाळकसाहेब, पाच पंच, आणि स्त्री-मंडळाच्या अध्यक्ष म्हणून कुमुदबाई. सेक्रेटरी दयाराम आढाव तहसील कचेरीतून निवृत्त झालेले. कागद लिहावा तर त्यांनीच. ते गावकीला द्यायचं पत्र तयार करूनच आले होते. 'सदर महिलेचा बाप्तिस्मा झालेला नसून ती आमच्या मंडळीची सभासद नाही. तिच्याशी मंडळीचा वा मंडळीतील कोणाही व्यक्तीचा धार्मिक स्वरूपाचा संबंध नाही.'

"ती चार माणसं मागतेय," कुमुदबाई म्हणाल्या. "नुसती बसायला."

"बाई, मी बत्तीस वर्षं असल्या भानगडी कागदावर पाहिल्यात," आढाव म्हणाले. "आज चार माणसं जाऊन बसली की उद्या ती जमाव होतात. आपली शाळा आहे. दोनशे पोरं, त्यातली दीडशे त्यांचीच. पहिलं वाक्य घ्या. त्यात एक अक्षर खोटं दाखवा, मी फाडून टाकतो."

"आणि दुसरं?"

"दुसरं तुमच्यासाठीच घातलंय. म्हणजे भुलवल्याचा आळ तुमच्यावर येणार नाही."

पाळकसाहेब आपल्या बोटांकडे बघत होते. "शहाणपण हीसुद्धा देणगीच आहे," ते म्हणाले. पण ते त्यांना स्वतःलाच पटल्यासारखं दिसलं नाही.

कुमुदबाईंनी चष्मा पुसला. पहिल्या वाक्यात खरंच काही खोटं नव्हतं. चौथीच्या मुलांना कित्ता घालून द्यावा तशा वळणदार अक्षरात त्यांनी सही केली. त्या रात्री त्यांना गाढ झोप लागली. पुढे त्यांना सहीपेक्षा या झोपेचीच जास्त लाज वाटत राहिली.

रविवार गेला. सोमवारी दारात दुसरीच कोळीण, सोनाबाई. "केसर आता यायची न्हाय," ती सुकट मापता मापता म्हणाली. "तिच्याशी बोलायची बंदी हाय. मी बी बोलत न्हाय. पन काय सांगू बाई, तुमचं पत्र वाचून दाखवलं ना अल्पेशनं, तवा सगळी हसली. बोलली, बघ, तुझीच मानसं तुला वळखत न्हाईत."

"मग? ती काय म्हणाली?"

"बोलली, बाईंनी लिवलंय तर लिवलंय. माझं नाव त्यांच्या वहीत न्हाय, खरं हाय. पन मना कुनी भुलवलं न्हाय." सोनाबाईनं माप पालथं केलं. "येवढं बोलली नि खाली बसली. तिच्या सासूनं डोकं आपटून घेतलं, तरी बोलली न्हाय."

कुमुदबाईंना आठवडाभर शास्त्र वाचवेना. पानं तीच होती, अक्षरं तीच. पण वाचायला बसलं की पायरीकडून कुणीतरी ऐकतंय असं वाटे, आणि त्या ते मिटून ठेवत. शेवटी एका सकाळी त्यांनी छत्री घेतली आणि रिक्षा करून सावरदांड्याला गेल्या.

गावाच्या तोंडाशी मच्छीमार सोसायटीच्या ओट्यावर अल्पेश तिघाचौघांबरोबर जाळी विणत बसला होता. चौथीत तो त्यांच्या वर्गात होता. तो ताडकन उठला. "बाई! या, या. ए, खुर्ची आना रे. चहा सांग."

"चहा नको. मी सांगायला आलेय. केसरला मी वाचून दाखवलं. सहा-सात वर्षं. तिचा दोष असेल तर माझाही आहे. तुमच्या वहीत माझं नाव लिहा."

पोरं एकमेकांकडे बघायला लागली. अल्पेशनं मान खाली घातली. "बाई, तुमचा काय संबंध न्हाय. तसं पत्रच हाय तुमचं."

"ते पत्र चुकीचं आहे."

"सही तर तुमची हाय. मी तुमचं अक्षर वळखनार न्हाय काय? त्याच अक्षराचा मार खाऊन शिकलोय." कुणीतरी हसलं.

"मग मलाही टाका वाळीत," कुमुदबाई म्हणाल्या. "माझ्याशीही बोलू नका."

अल्पेश हसला नाही. त्यानं खुर्चीवरचं पाणी हातानं पुसलं. "बाई, रागावू नका. वाळीत टाकायला मानूस आधी गावात असाया लागतो. तुमी कुठल्या गावात?" मग आवाज उतरवून म्हणाला, "मना काय हौस हाय काय? केसरकाकीच्या हातचं खाल्लंय मी. पन दर्यावर आमी एकमेकांच्या भरवशावर जातो. एकाचं मन फुटलं तर उद्या कोन कुनाच्या हाकेला धावंल?"

कुमुदबाईंनी छत्री उचलली. त्या बसल्या नाहीत. केसरचं घर त्यांनी स्वतःच शोधलं. कुणी दाखवलं नाही, कुणी अडवलंही नाही.

केसर अंगणात बारीक कोळंबीचा जवळा निवडत होती. गावाच्या खळ्यावरची तिची वाळवणाची जागा गेली होती. घराच्या पत्र्याखाली जेवढं मावेल तेवढंच. तिनं बाईंना पाहिलं, हात थांबवले, आणि मग पाटावरचं सूप बाजूला सारून त्यांना बसायला जागा केली. इतकंच. तुळशीराम दाराला टेकून उभा होता. काळाकभिन्न, रुंद छातीचा माणूस, बसून बसून खंगल्यासारखा झालेला.

"केसर, मी सही केली," कुमुदबाई म्हणाल्या.

"ठावं हाय."

"मला क्षमा कर."

केसर जवळ्यातून कचरा वेचत राहिली. "क्षमा केली मी. तवाच केली," ती म्हणाली. "पन बाई, आमची मृणाली इचारते, आये, माझ्या मैतरनी का बोलत न्हाईत. तिला मी काय सांगू? तुमच्या शास्त्रात पोराबाळांना सांगायजोगं काय लिवलंय काय?"

कुमुदबाईंना सगळी स्तोत्रं पाठ होती. त्यांनी हात पुढे केला आणि त्याही जवळ्यातून कचरा वेचायला लागल्या.

"मी काय करू सांग," त्या म्हणाल्या. "तू सांगशील ते करते."

उत्तर तुळशीरामनं दिलं. "माझं तुमच्या देवाशी कायबी देनंघेनं न्हाय, बाई. मी त्याला मानत न्हाय. बायको खोटं बोलायला तयार न्हाय, म्हनून मी बी तिला खोटं बोल असं बोललो न्हाय. येवढंच." त्यानं समुद्राकडे हात केला. घराच्या मागे वाळूच्या पुळणीवर नारळीच्या झापांनी शाकारलेली त्याची होडी पावसाळाभर उभी होती. "नारळी पुनवेला सगळ्यांच्या होड्या पान्यात जातील. एकाची सगळे ढकलतात. माझी कोन ढकलनार? उधाणाची भरती असली तरच पानी हितवर येतं, पुनवेला न्हायतर अवसेला. पुनवेला तिथं उभा ऱ्हाऊन मना बघवनार न्हाय. अवसेला, भर दुपारी. आठ मानसं लागतात." तो थांबला. "तुमच्या देवळात किती हायत?"

नोंदवहीप्रमाणे तीनशे बारा होते. कुमुदबाईंनी तो आकडा सांगितला नाही.

अमावास्येच्या आधीच्या रविवारी, चर्चमधल्या जाहिराती, म्हणजे सूचना, वाचून संपल्यावर, त्या परवानगी न मागता पुढे गेल्या. त्यांनी पहिल्यापासून सांगितलं: बंगल्यातली विनंती, फोटो, पत्र, सही. लोक खाली बघायला लागले. मग त्या म्हणाल्या, "मला मंगळवारी दुपारी साडेबाराला सावरदांड्याच्या पुळणीवर आठ माणसं हवीत. भाषण नाही, गाणी नाहीत. होडी ढकलायची आहे."

मग एक जण उठला, "मंगळवार कामाचा दिवस आहे, बाई." दुसऱ्यानं विचारलं, पोलीस बंदोबस्त असेल का. एका म्हाताऱ्यांनी सुचवलं की त्यापेक्षा मंगळवारी सर्वांनी मिळून उपास-प्रार्थना ठेवावी. प्राप्ती डोळे पुसत म्हणाली, "बाई, मी आत्ता ग्रुपवर टाकते."

"ग्रुपवर नको टाकू, प्राप्ती," कुमुदबाई म्हणाल्या. "तुझा नवरा पाठव."

कुणीतरी खोकलं. अखेरीला पाच हात वर झाले. पाळकसाहेबांचाही त्यात होता. आठ नव्हते, पण तुळशीराम स्वतः आणि केसर धरून सात होत होते, आणि आठवी आपण, असा हिशेब कुमुदबाईंनी मनात केला आणि घरी जाताना त्यांना बऱ्याच दिवसांनी भूक लागली.

मंगळवारी सकाळी नवापासून फोन वाजायला लागला. एकाला ताप होता. एकाची बँकेत अचानक मीटिंग निघाली. पाळकसाहेबांना वरून बिशपसाहेबांचा निरोप आला होता की प्रकरण निवळेपर्यंत तिकडे जाऊ नये. त्यांचा आवाज इतका पडलेला होता की कुमुदबाईंनीच त्यांना "असू द्या" म्हटलं. चौथ्यानं नुसतं लिहून पाठवलं: 'आत्म्याने तुमच्यासोबत आहोत.' पुढे जोडलेले हात. पाचव्यानं काहीच कळवलं नाही.

साडेअकराला त्या पुळणीवर पोचल्या. पाऊस उघडला होता, वारा मात्र होता. तुळशीरामनं झाप उतरवले होते, होडीच्या पुढ्यात लाकडी ओंडके मांडून त्यांना चरबी चोपडली होती. ओंडके पाण्यापर्यंत नीट ओळीत लागले होते. त्यानं बाईंच्या मागं बघितलं, मग बाईंकडे, आणि पुन्हा ओंडके सारखे करायला लागला.

भरती चढत होती. बाकीच्या होड्या केव्हाच दर्यावर हेलकावे घेत होत्या. देवळाच्या कट्ट्याजवळ गावातले वीसेक जण येऊन उभे राहिले. त्यात अल्पेश होता. टिंगल कुणी करत नव्हतं. नुसते उभे होते, हाताची घडी घालून. त्यांतल्या आठांनी खांदा दिला असता तर होडी पाच मिनिटांत तरंगली असती.

बाराच्या पुढे, वाळूतून धापा टाकत एक माणूस आला. चपला हातात, पॅन्ट गुडघ्यापर्यंत दुमडलेली, पोटऱ्या पांढऱ्याफटक. दयाराम आढाव. रविवारी त्यांनी हात वर केला नव्हता. ते कुमुदबाईंशी बोलले नाहीत. तुळशीरामला म्हणाले, "कुठं धरायचं?"

"हितं. खांदा लावा, साहेब. हातानं न्हाय."

चौघं लागले. तुळशीराम मागच्या बाजूला, केसर आणि आढाव एका अंगाला, कुमुदबाई दुसऱ्या. केसरनं आरोळी दिली. ती आरोळी एकीनं द्यायची आणि सगळ्या गावानं उचलायची असते. ती वाऱ्यावर एकटीच गेली. त्यांनी जोर लावला. होडीच्या पोटात काहीतरी करकरलं. कुमुदबाईंना वाटलं, हलली. हलला होता तो खालचा ओंडका.

पुन्हा आरोळी. पुन्हा जोर. आढावांचा चष्मा वाळूत पडला. त्यांनी तो उचलला नाही. "पत्रातलं दुसरं वाक्य," ते धापांमधून म्हणाले, "ते मी घालायला नको होतं."

"जोर लावा," कुमुदबाई म्हणाल्या.

पावणेएकला पाणी होडीच्या नाळेपर्यंत, पुढच्या टोकापर्यंत, आलं. लाट खालून शिरली की लाकूड किंचित फुगल्यासारखं वाटे, जणू आता उठणार. केसरचा घसा बसला होता तरी ती आरोळी देत होती. कट्ट्याजवळच्या माणसांतला एक जण दोन पावलं पुढे आला; त्याला दुसऱ्यानं दंडाला धरून मागे ओढलं. किती वेळा त्यांनी जोर लावला ते कुणी मोजलं नाही. मग एका लाटेनं नाळेला हात लावला नाही. तिच्या मागची आणखी खाली थांबली.

तुळशीराम सरळ झाला. त्यानं समुद्राकडे पाहिलं, एक शिवी हासडली आणि ओंडके गोळा करायला लागला. पंधरा दिवस पुन्हा पाणी इथवर येणार नव्हतं. आढाव वाळूत बसून चष्मा चाचपत होते. कट्ट्याजवळची माणसं एकेक करून पांगली.

कुमुदबाई अजून खांदा लावून उभ्या होत्या. पातळ कमरेपर्यंत भिजलेलं, खांद्याची कातडी सोललेली. त्यांचे ओठ हलत होते. त्या कुणाला तरी उठवत होत्या.

केसर त्यांच्या बाजूला आली. तिनं त्यांचा हात होडीवरून सोडवला. दोनदा ओढावा लागला.

"चला बाई," ती म्हणाली. "पानी गेलं."